जीभ वाचवणाऱ्यांची पंगत

लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी आधी तिच्या ताटाकडे बघते. जेवण संपत आलं असेल तर खरं सांगते. नुकतंच वाढलं असेल तर "हॉस्पिटलात आहे" एवढ्यावर भागवते. कारण खरं उत्तर असं आहे की मी माणसांना गिळायला शिकवते, आणि हे ऐकल्याबरोबर त्या बाईला आपल्याला गिळता येतं की नाही अशी शंका येते. मग तिला ठसका लागतो आणि मला अंगावर शालू असताना ड्यूटी करावी लागते.

बोलायलाही शिकवते. दारावरच्या पाटीवर तसं रीतसर लिहिलंय, वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञ. वॉर्डातल्या मावश्यांनी त्याचं "गिळायच्या मॅडम" करून टाकलंय. घरी सासूबाईंची तक्रार आहे की मी जेवताना लोकांच्या ताटाऐवजी गळ्याकडे बघते, घास वेळेवर खाली उतरला की नाही ते. "हिच्यासमोर जेवायची चोरी आहे बाई," म्हणत त्या ताट उचलून टीव्हीपुढे जातात. नवऱ्याचं म्हणणं, बोलायला शिकवायचा पगार मिळतो तो मिळो, पण थांबायला शिकलीस तर तेवढाच मी देईन.

नागपुरातल्या ज्या कर्करोग रुग्णालयात मी अर्धं आयुष्य काढलं, तिथे दर बुधवारी सकाळी एक बैठक असते. तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. पेशंटांना ते दहावीच्या बोर्डासारखं वाटतं, त्यामुळे बुधवारी दुपारी माझ्या खोलीबाहेर "मॅडम, आमचा निकाल लागला का?" अशी गर्दी असते. प्रकार साधा आहे. एका खोलीत सहा खुर्च्या. एक कापणारे, एक शेकणाऱ्या (किरणोपचाराला आमच्याकडे सगळे सरळ 'शेक' म्हणतात), एक औषधं देणारे, एक कापलेलं पुन्हा भरून काढणारे, एक गाठीचा तुकडा दुर्बिणीखाली बघून तिचं नावगाव सांगणारे, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. पडद्यावर पेशंटचा स्कॅन लावायचा आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं, या माणसाचं काय करायचं.

यात एवढं काय विशेष, असं आमच्या नणंदबाईंनी एकदा विचारलं होतं. विशेष असं की पूर्वी पेशंटचा पहिला पाय ज्याच्या दारात पडेल त्याचा उपचार होई. सर्जनकडे गेला तर कापा, शेकवाल्याकडे गेला तर शेका. यात कुणाची लबाडी नव्हती. हलवायाला विचारलं, पाहुण्यांना काय द्यावं, तर तो काय भाकरी सांगणार आहे? बोर्डात निदान सहा हलवाई एकमेकांसमोर बसतात, आणि प्रत्येकाला आपला पेढा या पाहुण्याला का चालेल ते सांगावं लागतं.

काटोलच्या एका आजोबांना कित्येक आठवडे रोज शेक द्यायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. स्कॅन सुरेख, योजना सुरेख. तेवढ्यात शेक देणाऱ्या वानखेडे मॅडमच म्हणाल्या, "पण हे रोज येणार कसे?"  स्कॅनमध्ये एसटी दिसत नाही. मग त्या आजोबांचं ऑपरेशन ठरलं, झालं, आणि पुढच्या खेपेला ते हातात मावणार नाही एवढी संत्र्यांची पिशवी घेऊन हजर. आमचे सर्जन जोग सर पेशंटकडून काही म्हणजे काही घेऊ देत नाहीत. त्यांनी संत्री वॉर्डात वाटायला लावली. वाटायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ती किती वॉर्डात पोचली याबद्दल मी बोलणार नाही.

माझी पाळी बैठकीत शेवटी येते. "बोलणं, गिळणं?" असं जोग सर घड्याळ बघत विचारतात, मी तोंड उघडते, आणि पडद्यावर पुढचा पेशंट येतो. बोलण्याची तज्ज्ञ असून बोलायला न मिळणारी या शहरातली मी एकटीच असेन. घरी यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर अशाच एका बुधवारी मोतीरामजी पराते पडद्यावर आले. म्हणजे त्यांची जीभ आली.

मोतीरामजींचं घराणं मूळचं उमरेडचं, विणकरांचं. वडिलांच्या काळात माग बंद पडले, मंडळी नागपुरात आली आणि पाचपावलीकडच्या एका गल्लीत त्यांनी सावजी खानावळ काढली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, सावजी म्हणजे आमच्या विणकर घरांतला स्वयंपाक. काळा मसाला, वर तेलाची लाल तर्री, आणि तिखट असं की नवखा माणूस पहिल्या घासाला देवाचं नाव घेतो नि दुसऱ्या घासाला आईचं. मोतीरामजी मालक, आचारी आणि चाखणारे, तिन्ही तेच. शिवाय सकाळपासून गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा पदार्थ आमच्या शहरात पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात. जिभेच्या डाव्या कडेला फोड आला तेव्हा त्यांना वाटलं, तिखटानं आला असेल. आपणच केलेल्या रश्श्यानं आपल्याला भाजलं याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला असावा, कारण त्यांनी तो कित्येक महिने तसाच मिरवला. तपासणीत तो कर्करोग निघाला.

बोर्डात जोग सरांनी सांगितलं, डाव्या बाजूची जवळजवळ अर्धी जीभ काढावी लागेल, मानेतल्या गाठीही. प्रश्न पुढचा होता. उरलेली जीभ नुसती शिवून टाकायची की तिथे काही भरायचं? नुसती शिवली तर काम लवकर उरकतं, पण जीभ दोरीनं बांधलेल्या वासरासारखी एका बाजूला ओढून राहते. घास फिरत नाही, शब्द फिरत नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि आश्चर्य म्हणजे पुढचा पेशंट आला नाही, कारण डॉ. मेनन होकारार्थी जोरजोरात मान डोलवत होते. मेनन केरळचे. हाताच्या मनगटाकडच्या भागातली कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट काढायची, दुर्बिणीखाली ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडायची आणि जिभेचा खड्डा भरायचा, हे त्यांचं काम. हातावरची कातडी जिभेवर जाऊन बसते. कधीकधी तिच्यावर केसही उगवतात. हे मी एकदा घरी जेवताना सांगितलं, तेव्हापासून जेवताना हॉस्पिटलचा विषय काढायला मला बंदी आहे.

हात कोणता घ्यायचा? जो कमी वापरात असेल तो. ते विचारायला बाहेर बसलेल्या नवराबायकोला आत बोलावलं. त्यासाठी मेननचा एक ठरलेला प्रश्न होता. हिंदी ते इथे येऊन शिकले होते आणि गुंतागुंतीचं विचारायला गेलं की गोंधळ होतो, हे ओळखून त्यांनी तो अगदी सोपा करून ठेवला होता.

"मोतीरामजी, आप खाना कौनसे हाथ से खाते हो?"

मोतीरामजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"उजव्या हातानं साहेब. डाव्या हातानं कोन जेवते? आमच्या घरी रीतभात हाय."

"और लिखते?"

"लिहतोबी उजव्यानंच. सही करून दाखवू का?"

झालं. डावा हात, असं ठरलं. बोर्डात ठरलं, लिहिलं गेलं, सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही.

जोग सरांनी मग नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं. सरांची एक गोष्ट मला आवडते, ते गोड बोलत नाहीत. मोतीरामजींनी ऑपरेशन किती मोठं, दुखेल का, यातलं काहीच विचारलं नाही.

"चव राहीन का साहेब?"

"उरलेल्या बाजूला राहायला हवी," सर म्हणाले. "पण वचन देत नाही. पुढे शेक द्यावा लागला तर बराच काळ जाईल. कधीकधी पूर्ण परत येत नाही."

 मोतीरामजींच्या गालात खर्रा नव्हता, तरी गाल हलत होता.

"मी चाखल्याबिगर गंज चुलीवरून उतरत नाही," ते म्हणाले. गंज म्हणजे आमच्याकडे मोठं पातेलं. "चवच नाही राहिली तं मी करू काय? गिऱ्हाइकाले पानी वाढू?"

"वाढा," शेजारून सुमनबाई म्हणाल्या. मोतीरामजींच्या पत्नी. तोवर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. "जित्ते राहा आनि पानी वाढा. मले चालते."

"तुले चालते. गिऱ्हाइकाले चालीन का?"

"गिऱ्हाईक तुमच्या नावानं कुंकू लावते का?"

जोग सर खिडकीबाहेर बघायला लागले. नवराबायकोच्या भांडणाचं शिक्षण कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात देत नाहीत. शेवटी मोतीरामजींनी पवित्रा बदलला.

"साहेब, तुम्ही समदे मिळून माझ्या जिभेचा निकाल लावून राहिले. कोर्टातबी आधी साक्ष घेतात. तिनं आजवर काय काम केलं, ते कोनी खाल्लं का?"

"हे बघा, आम्ही पेशंटकडून..."

"घेऊ नका! पैसे देऊन जेवा. फुकट कोन म्हनते? पन खाल्ल्याबिगर मी सही करत नाही."

सर हसले, मेनन हसले, आणि आम्हाला वाटलं विषय संपला. पण माणसानं खरंच सही केली नाही. दोन दिवसांनी सुमनबाई माझ्या खोलीत आल्या. डोळे सुजलेले होते.

"मॅडम, येऊन जा ना एकदा. एक घास खा. हा मानूस ऐकूनच नाही राहिला. तो फोड काय थांबून राहते का याच्यासाठी?"

थांबत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी जाऊन जोग सरांना सांगितलं. सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "रविवारी दुपारी. प्रत्येकानं आपापलं बिल द्यायचं. आणि तिथे केसवर चर्चा नाही."

औषधवाले डॉ. बागडे पित्ताचं निमित्त करून निसटले. दुर्बिणीवाल्यांच्या घरी पाहुणे होते. उरलो आम्ही चौघं. जोग सर, वानखेडे मॅडम, मेनन आणि मी. लाकडी बाकं, स्टीलची ताटं, मागे उघडं स्वयंपाकघर. मोतीरामजी चुलीशी उभे, डोक्याला पंचा बांधलेला, जणू मुलीचं लग्न.

जोग सर पुण्याचे. आमटीत गूळ घालणाऱ्या घरातले. त्यांनी नम्रपणे सांगून बघितलं, "जरा साधारण तिखट करा."

"साधारनच हाय साहेब," मोतीरामजी आतून ओरडले. "जास्त तिखट आम्ही सोयऱ्याले देतो."

वानखेडे मॅडम इथल्याच, जन्मल्या वाढल्या नागपुरात. त्या शांतपणे जेवत होत्या आणि मध्येमध्ये "रस्सा वाढा" म्हणत होत्या, दुसऱ्याचं ऑपरेशन बघावं तशा निर्विकार. सरांचे कान लाल झाले, मग नाक, मग टक्कल. मेनन मात्र फुशारकीत होते. "मॅडम, मिर्ची से हमको मत डराओ. मसाले तो दुनिया को केरल ने दिए," असं म्हणून त्यांनी तर्रीत बुडवलेला मोठा घास घेतला. आणखी एक घेतला.

त्यानंतर केरळकडून काही ऐकू येईना.

मेननचा आवाज गेला होता. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि एक हात उंचावून ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो ढकलला. सुमनबाईंनी गुळाचा खडा आणला, तोही नको. कुणी दही आणलं, कुणी लिंबू. मेनन मान हलवून बोटच दाखवत होते. मग त्यांनी माझं डावं मनगट पकडलं आणि गदागदा हलवायला सुरुवात केली. मला वाटलं, माणूस चालला. आता यांच्या घरी मल्याळममध्ये कसं सांगायचं?

"अगं, त्यांना काहीतरी सांगायचंय," वानखेडे मॅडम रश्श्यातून वर न बघता म्हणाल्या.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचं म्हणणं ओळखण्याचा मी पगार घेते. त्यासाठी दोन पदव्या आहेत. आणि मी काय केलं, तर मेननच्या तोंडात साखर कोंबली.

शेवटी ते बाकावरून उठले, तसेच खरकट्या हातानं स्वयंपाकघरात घुसले आणि मोतीरामजींचा हात धरून कुस्तीच्या पंचासारखा वर उचलला. हात डावा होता. त्यात भलामोठा पळा होता. पळ्यातून रस्सा ठिबकत होता.

"लेफ्ट!" मेननना वाचा फुटली. "ये लेफ्ट है!"

मोतीरामजी घाबरले. "काय झालं साहेब? रीत चुकली का?"

"आप तो बोले राइट!"

"ते जेवायचं! जेवनं आनि लिहनं उजव्यानं. लहानपनी आई चटका देत होती ना डावा हात ताटात गेला की. बाकी समदं डाव्यानंच हाय. घोटनं, ढवळनं, गंज उतरवनं. तुम्ही कुठं विचारलं ते? तुम्ही जेवायचं विचारलं."

आम्ही चौघं एका ओळीत उभे होतो आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. सरांना तर तिखटानंही सुचत नव्हतं. त्या हाताची कातडी काढली असती तर मनगट कित्येक दिवस आखडलं असतं, पकड सैल झाली असती, वर बसवलेली नवी कातडी बधिर राहिली असती. बधिर हात, रोज चुलीच्या तोंडाशी. भाजलेलं कळलंही नसतं. सगळा बोर्ड जीभ वाचवायला बसला होता आणि जाताजाता आचाऱ्याचा हात घेऊन जाणार होता. ज्या देशात सगळी दुनिया उजव्या हातानं जेवते, तिथे हा प्रश्न विचारून मेननना आजवर एकच उत्तर मिळत आलं होतं, आणि त्याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

मोतीरामजींनी तिथेच, रश्श्याच्या वासात, उजव्या हातानं सही केली. सुमनबाईंनी सरांकडून बिलाचे पैसे घेताना मान खाली घातली होती, पण घेतले, कारण ठरलं होतं.

बुधवारी बोर्डात मेनननी केस पुन्हा उघडायला सांगितली. बागडे सरांनी विचारलं, "का? ठरलं होतं की. नवा पुरावा आहे का?"

"है," मेनन म्हणाले. "मटन."

उजवा हात ठरला. आणि त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी पेशंटला कोणत्या हातानं जेवता असं विचारत नाही. भरलेली बादली कोणत्या हातानं उचलता, खिळा कोणत्या हातानं ठोकता, पोळी कोणत्या हातानं लाटता, असं विचारतात. एका आजींनी "पोळ्या सुना लाटतात" असं बाणेदार उत्तर दिलं होतं. तिथे मेनननी हात टेकले.

ऑपरेशन नीट झालं. मग माझं काम सुरू झालं. नाकातली नळी निघाल्यावर आधी घट्ट पेज, मग मऊ भात, हनुवटी छातीशी लावून गिळायचं, असा आमचा अभ्यास असतो. बोलण्यासाठी माझ्याकडे छापील वाक्यं आहेत. "राजा रथातून रानात गेला" वगैरे. मोतीरामजींनी ती एक दिवस म्हटली आणि उजवा हात बांधलेला म्हणून डाव्यानं पाटीवर वेडंवाकडं लिहून दाखवलं, "हे मी जन्मात कोनाले म्हनलो नाही, आता काहून म्हनू?" मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही "दोन मटन, एक पाटोडी, तर्री वेगळी" यावर सराव केला. सकाळी सकाळी वॉर्डात सगळ्यांना भूक लागायची. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी तर एकदा खरंच ऑर्डर दिली.

आणि मग काढलेल्या जिभेचा रिपोर्ट आला. कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या काठाशी रोग नाही, मानेतल्या गाठीही मोकळ्या. पण रोग किती खोल गेला होता, ते माप अगदी सीमेवर. शेक द्यावा की देऊ नये, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं.

त्या बुधवारी गंमत झाली, आणि ती गंमत नव्हतीही. एरवी प्रत्येकजण आपला पेढा पुढे करतो. आज उलटं. शेक देणाऱ्या वानखेडे मॅडम म्हणत होत्या, शेक नको, नीट लक्ष ठेवू. कापणारे जोग सर म्हणत होते, कशाला धोका, शेक देऊन टाका. आवाज चढत गेले. मग मॅडम एकदम थांबल्या.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या हातचं जेवले नसते, तर मी हेच म्हटलं असतं का?"

 मला तर तो रस्सा डोळ्यांपुढे दिसायलाही लागला होता.

"मी पण," जोग सर हळूच म्हणाले. "मला भीती वाटतेय की मी जेवलो म्हणूनच शेक द्या म्हणतोय. तो माणूस गेला तर मला चालणार नाही, म्हणून."

माणूस पडद्यावर असतो तोवर सोपं असतं. त्याच्या घरचं खाल्लं की तराजूला एक अदृश्य बोट लागतं, आणि ते कोणत्या पारड्यावर आहे ते आपलं आपल्यालाही कळत नाही. म्हणून त्याला पडद्यावरच ठेवावं का? तसं केलं असतं तर डावा हात गेला असता. या कोड्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तोडगा मेनननी काढला. त्यांनी बागडे सरांकडे बघितलं. न जेवलेले दोघंच, त्यातल्या दुर्बिणीवाल्यांचं म्हणणं रिपोर्टात आलंच होतं, उरले हे. आम्ही त्यांना खुर्चीत सरळ बसवलं आणि नाव, गाव, खानावळ काही न बोलता नुसता रिपोर्ट पुन्हा वाचून दाखवला, अनोळखी माणसाचा असल्यासारखा. पित्तवाल्या माणसाचं एवढं महत्त्व मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बागडे सरांनी खोलीचं माप पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"दोन्ही बरोबर आहे," ते म्हणाले. "मी लक्ष ठेवलं असतं. पण कडक. आणि माणसाला दोन्ही बाजू सांगून."

वानखेडे मॅडमनी मोतीरामजी आणि सुमनबाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. शेक दिला तर रोग परतण्याची भीती थोडी कमी, पण तोंड कोरडं, चवीचा भरवसा नाही. नाही दिला तर दर महिन्याला यायचं, चुकवायचं नाही, आणि भीती मनात ठेवून जगायचं. मोतीरामजी बायकोकडे बघत होते. जीभ त्यांची, पण मत तिचं.

"मॅडम," सुमनबाईंनी विचारलं, "तुमच्या भावाले झालं असतं तं?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि शहाणे डॉक्टर त्याला बगल देतात. मॅडमनी नाही दिली.

"शेक दिला नसता. दर महिन्याला मानेला धरून तपासायला आणलं असतं."

"मंग मीबी तशीच आनते," सुमनबाई म्हणाल्या.

आणि आणलं. पाऊस, लग्नं, सण, काही न बघता. खर्रा सुटला. मान मोकळी, जीभ साफ, दर वेळी मॅडमचा चेहरा थोडा अधिक सैल. सगळ्यांचं असं होत नाही, हेही इथे सांगायला हवं. ज्यांना मी सहा सहा महिने "अ" म्हणायला शिकवलं आणि ज्यांचा "अ" नंतर ऐकायला मिळाला नाही, अशी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल मी लग्नात, पंगतीत, कुणी कितीही विचारलं तरी बोलत नाही.

मोतीरामजींचं एकच अडलं होतं. चव. बोलणं सुधारलं, गिळणं सुधारलं, उजव्या हातावरची खूण भरून आली, डावा हात तर आधीपासून ठणठणीत. पण चव येईना. खानावळ आता सुमनबाई चालवत होत्या. ते गल्ल्यावर बसायचे. रोज दुपारी त्या वाटीत रस्सा आणून पुढे ठेवायच्या. ते चाखायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय."

एकदा सुमनबाई मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "मॅडम, मले भेव वाटून राहिलं."

"का हो? तपासणी तर छान आहे."

"लग्नाले इतके वर्षं झाले. या मानसानं माझ्या हातच्याले कधी चांगलं नाही म्हटलं. आता रोज म्हनते. कायबी ठेवा पुढं, चांगलं हाय. मुद्दाम एक दिवस मीठच नाही टाकलं, तरीबी चांगलं हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "याच्यापेक्षा शिव्या दिलेल्या बऱ्या वं बाई."

मी त्यांना समजावलं, सूज उतरायला, नसा जाग्या व्हायला वेळ लागतो. समजावताना मला स्वतःला फारसं पटत नव्हतं. त्या दिवशी घरी मी नवऱ्याला विचारलं, भाजी कशी झालीये? "चांगली आहे," तो म्हणाला. मी त्याला जीभ बाहेर काढायला लावली.

पुढच्या खेपेला गिळण्याची तपासणी होती. ती मी घरच्या जेवणावरच करते, कारण हॉस्पिटलची खिचडी गिळता आली म्हणजे माणूस बरा झाला असं मी मानत नाही. सुमनबाईंनी डबा आणला होता. खोलीत दुपारचं ऊन होतं आणि त्यांनी झाकण काढल्याबरोबर बाहेरच्या रांगेतली चार डोकी आत डोकावली.

मोतीरामजींनी चमच्यानं रस्सा तोंडात घेतला. मी सवयीप्रमाणे गळ्याकडे बघत होते. घास उजवीकडे फिरला, मागे गेला, कंठ वर गेला, खाली आला. उत्तम. मी लिहायला मान खाली घातली.

चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. 

"मीठ कमी हाय," मोतीरामजी म्हणाले.

मी वर बघितलं. सुमनबाई हातात झाकण धरून तशाच उभ्या होत्या.

"काय म्हटलं?"

"मीठ कमी हाय. आनि धने जास्त भाजले तू. कडू लागून राहिले."

"खरं सांगता?"

"खोटं काहून सांगू? चाखून पाय."

सुमनबाई मटकन खुर्चीत बसल्या, माझ्या खुर्चीत, आणि रडायला लागल्या. हुंदके देऊन, ढसाढसा, आणि हसू मध्येच फुटत होतं. मोतीरामजी बावरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मीही नाक पुसत होते. त्यात तिखटाचा भाग किती होता, सांगता येत नाही. रांगेतल्या एका बाईनं आत येऊन विचारलं, "गेलं का वं कोनी?"

"नाही," मी म्हणाले. "आलं."

मोतीरामजींनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. प्रत्येक चमच्याला नवीन दोष. तेल कमी, कांदा कच्चा, लसूण घाईत परतला. तोवर सुमनबाईंचे डोळे कोरडे झाले होते.

"धने जास्त भाजले?" त्या उठून उभ्या राहिल्या. "इतके महिने गिऱ्हाईक बोटं चाटून राहिलं. एकानं तरी म्हटलं का धने कडू म्हनून?"

"गिऱ्हाइकाची जीभ कोनी तपासली?"

"आन तुमची तपासली म्हनून तुम्ही शहाने? अर्धी तं हाय!"

"अर्धीले कळते ते तुले..."

डबा बंद करत, पिशवी सावरत, एकमेकांच्या पुढे मागे होत दोघं खोलीबाहेर पडली. माझ्यापुढे त्यांचा तपासणीचा कागद होता. गिळणं, उत्तम. चव, आहे, भरपूर. बोलण्याबद्दल काय लिहावं म्हणून मी कान दिला. ते व्हरांड्याच्या पार टोकाला, लिफ्टपाशी पोचले होते, मध्ये रांगेचा कलकलाट होता, तरी धन्यांबद्दलचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी लिहिलं, स्पष्ट.